राखणदारीण ठकूचं परस

फार वर्षं झाली या गोष्टीला. किती, ते विचारू नका. कुसळवाडीत जुनी वर्षं दुष्काळांवरून मोजतात, आणि ठकू पहिल्या दुष्काळाच्याही आधीची, असं म्हणतात. मी काही कुसळवाडीचा नव्हे. माझं गाव तिथून दीड कोसावर. पण माझी मावशी त्या गावात दिलेली, त्यामुळे ही गोष्ट मी अर्धी तिच्या तोंडून ऐकली आणि अर्धी तिच्या शेजारणींच्या. त्यांचं जिथं एकमेकींशी जुळत नाही, तिथं मला आवडलं ते मी ठेवलं आहे.

कुसळवाडीची जमीन काळी आणि सपाट. पाऊस सरला की तिथं शाळू पेरतात, म्हणजे थंडीतली ज्वारी. पौषात कणसांत दूध भरलं की आभाळातून पाखरं उतरतात. चिमण्या येतात, राघू येतात, होले येतात. पण खरी धास्ती भोरड्यांची. त्या उत्तरेकडून हजारांनी येतात आणि एका दुपारीत शेत झाडून नेतात. म्हणून गावानं राखणदार नेमलेला असे. शिवाराच्या मधोमध चार खांबांवर माळा बांधायचा, त्यावर उभं राहायचं, गोफण फिरवायची आणि घसा फाटेस्तोवर ओरडायचं, हे त्याचं काम. त्याबदली सुगीला प्रत्येक खळ्यावरून सूपभर धान्य, आणि गावाच्या कडेला राहायला एक खोपट, त्यामागे ऐसपैस परस. राखण ज्याच्याकडे, जागा त्याच्याकडे, असा रिवाज.

त्या काळी राखण ठकूकडे होती. ती तिच्या बापाकडून आली, कारण बापाला मुलगा नव्हता आणि ठकूला घसा होता. असा घसा पुन्हा कुणाला झाला नाही म्हणतात. तिला गोफण लागायचीच नाही. ती माळ्यावर चढायची, कमरेवर हात ठेवायची आणि एकदाच 'हाऽऽऽ हुर्रर्र' करायची. तेवढ्यानं भोरड्यांचा थवा आल्या वाटेनं मागं फिरायचा, आणि दीड कोसावर आमच्या गावात बायकांच्या परातीतलं पीठ उडायचं. हे कुसळवाडीचे लोक सांगतात. आमच्या गावचे लोक म्हणतात, पीठ कसलं, परातच उडायची.

नाव ठकू असलं तरी तिनं जन्मात कुणाला ठकवलं नव्हतं. नवरा लवकर गेला, पोरबाळ नव्हतं. घसा, खोपट आणि मागचं परस, एवढाच तिचा संसार. परसात एक म्हातारं उंबर होतं, तेही पाण्यावाचून अर्धं वाळलेलं. तिकडे बघायला तिला सवड कुठली? तिचं सगळं लक्ष आभाळाकडे.

मग एका वर्षी टोळधाड आली. पश्चिमेकडून तांबडा ढग उठला आणि शिवाराकडे सरकू लागला. लोकांनी हाय खाल्ली. ठकू मात्र माळ्यावर चढली आणि ओरडायला लागली. तीन दिवस, उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत, ती ओरडत होती. खाली बायका तिला गुळाचं पाणी देत होत्या आणि ती ओरडत होती. तिसऱ्या संध्याकाळी तो तांबडा ढग हलला, वळला आणि शिवाराला न शिवता निघून गेला, असं म्हणतात. गावानं तिला खांद्यावर बसवून घरी आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारणीला हाक मारायला तिनं तोंड उघडलं, तर आवाजच निघाला नाही. नुसती कुजबुज.

हळद झाली, ज्येष्ठमध झालं, अडुळशाचा काढा झाला. आवाज काही परत आला नाही.

दोन महिने गावानं तिला घरचं ताट पोचवलं. मग जसं होतं तसं झालं. उपकार लोकांच्या ध्यानात राहतात, पण रोज राहत नाहीत. पाडव्याला मानाजी पाटलानं वर्षाची कामं वाटली तेव्हा राखण गेली गेनूकडे. पाटील वाईट माणूस नव्हता. त्यालाही बोलताना अवघडल्यासारखं झालं, पण शिवार राखायला माणूस तर हवाच होता. गेनूला राखण देतो, असं त्यानं सांगितलं, आणि रिवाजाप्रमाणं जागाही त्याची, पण संक्रांतीपर्यंत ठकूला तिथून हलवू नये. तोवर तिनं आपलं काहीतरी बघावं. ठकूला आपलं असं दुसरं काहीच नव्हतं. तिनं तसं सांगितलंही, पण चावडीवरच्या गलक्यात ते कुणाला ऐकू गेलं नाही.

हा गेनू चाळिशीचा, मिशाळ, मनानं चांगला आणि तोंडानं तिखट. गोफणीची त्याला भारी घमेंड. त्याची गोफण पाखरांना कधी लागली हे कुणी पाहिलं नव्हतं. पाटलिणीचा ताकाचा डेरा मात्र तिनं दोनदा फोडला होता.

ठकू परसात बसून राहू लागली. दार लावून घ्यायची, मागच्या ओट्यावर बसायची आणि संक्रांतीनंतर कुठं जायचं याचा विचार करायची. असाच एकदा विचार चालला होता, तेव्हा कुंपणावरच्या तोंडलीच्या वेलावर एक बुलबुल येऊन बसला. हातभर अंतरावर. लालचुटूक पिकलेलं तोंडलं त्यानं फोडलं, खाल्लं, चोच फांदीला पुसली आणि मान वाकडी करून ठकूकडे बघितलं.

ठकू बघतच राहिली. अहो, जन्मभर तिनं पाखरांच्या शेपट्याच पाहिल्या होत्या! तिला बघून सगळी पळायची, मग तोंड दिसणार कुणाचं? डोक्यावरचा तो काळा तुरा, शेपटीखालचा तांबडा ठिपका, सगळं तिनं पहिल्यांदा पाहिलं. तिला इतका आनंद झाला की ती एकटीच हसली. आणि तिच्या तोंडून कुजबुजत निघून गेलं, "ये रे बाबा, ये." बुलबुल उडाला नाही.

तिथून ठकू कामाला लागली. आता बघा, पाखरांचं पोट तिच्याइतकं कुणाला कळणार होतं? कोण कधी भुकेलं असतं, कोण कुठल्या दिशेनं येतं, उतरायच्या आधी कुठं टेकतं, हे सगळं तिला पाठ होतं. हाकलण्यासाठी शिकली होती, तेच तिनं उलटं फिरवलं. मिरगात तिनं चिमण्यांसाठी राळा पेरला. राघूंसाठी पुढं करडई टाकली. कुंपणाला तोंडलीचे आणखी वेल सोडले. ओढ्याकाठून शेवग्याच्या आणि पांगाऱ्याच्या फांद्या आणून खोचल्या. कोपऱ्यातल्या बोरीची लोक सरपणासाठी मोडतोड करायचे, ती काट्यांनी वेढून टाकली. अडुळशाचा काढा पिऊन गुण आला नव्हता, म्हणून त्याची उरलेली काडी तिनं रागानंच जमिनीत खुपसली होती. तीही फुटली, आणि फुलांतला मध प्यायला एवढासा शिंजीर येऊ लागला.

म्हाताऱ्या उंबराला ती रोज ओढ्यावरून सात घागरी पाणी आणी. फुटक्या माठाची खापरं तिनं जागोजाग पुरली आणि त्यांत पाणी भरून ठेवलं. आणि सगळ्यांत मोठं पाप म्हणजे, तिनं परस झाडायचं सोडलं. पाचोळ्यात किडे असतात आणि सातभाई पाखरं ते उकरून खातात, हे तिला माहीत होतं. शेजारणींना माहीत नव्हतं. ठकूचा आवाज गेला आणि मागोमाग डोकंही गेलं, असं त्या एकमेकींना सांगायला लागल्या. मावशीच्या शेजारणीची सासू तर अजून म्हणते, बाई कितीही थोर असली तरी केर काढलाच पाहिजे.

दिवाळीपर्यंत परस भरलं. राळ्याची कणसं तिनं कापली ती घरात न नेता वळचणीला टांगली. शेवगा पांढरा झाला. उंबर बुंध्यापासून शेंड्यापर्यंत असं लगडलं की खोड दिसेना. तीन वर्षांची वाढ तीन महिन्यांत झाली असं म्हणतात. माझा यावर विश्वास आहे, कारण रोज सात घागरी पाणी घातलं तर माणूससुद्धा वाढेल. सकाळी ठकू दार उघडून ओट्यावर यायची आणि कुजबुजायची, "या गं बायांनो, या." आणि यायची! होले यायचे, साळुंक्या यायच्या, सुगरणी बाभळीला खोपे टांगायच्या. कोतवाल पक्षी शेंड्यावर बसून ससाण्यांना पिटाळायचा. ठकूच्या डोक्यावर, खांद्यावर, सुपाच्या काठावर पाखरं. ठकू चालली की तीही तिच्याबरोबर चालायची. एवढी सुखी ती पूर्वी कधीच नव्हती.

पौष आला. कणसांत दूध भरलं. उत्तरेकडून भोरड्या आल्या, नेहमीसारखं ओढ्याच्या वर वळसा घेतला, खाली पाणी पाहिलं, उंबर पाहिलं, आणि सगळ्याच्या सगळ्या परसात उतरल्या. शिवाराकडे एकही गेली नाही. जाईल कशाला? पोट भरलं होतं.

ठकूच्या ते ध्यानात आलं आणि तिला काय वाटलं असेल बघा. माळ्यावर न चढता, तोंड न उघडता तिनं शिवार राखलं होतं. ती पाटलाला सांगायला चावडीवर गेली. पण तिथं हुरड्याची पंगत बसली होती आणि कुसळवाडीची माणसं जेवताना जरा जास्तच मोठ्यानं बोलतात. ठकूची कुजबुज कुणालाच ऐकू आली नाही. थंडी वाजतेय वाटतं, असं समजून कुणीतरी तिला शेकोटीजवळ बसवलं आणि हातावर हुरडा ठेवला.

गावाला काय दिसत होतं? शिवारात पाखरू नाही आणि माळ्यावर गेनू. मग काय, गेनूचा उदोउदो सुरू झाला. कणसाचा एक दाणा गेला नाही, गोफण असावी तर अशी! गेनू मिशीला पीळ देत होता. खरं तर तो माळ्यावर दुपारभर ढाराढूर झोपत होता, आणि आपल्याला स्वप्नातसुद्धा पाखरं भितात असं त्यालाही वाटायला लागलं होतं. संक्रांतीच्या दिवशी पाटलानं त्याला पटका बांधला आणि सगळ्यांसमोर सांगितलं, की उद्यापासून राखणीची जागा तुझी.

दुसऱ्या दिवशी किंक्रांत. किंक्रांतीला शहाणा माणूस नव्या कामाला हात घालत नाही. पण गेनूला धीर कुठला? तो कुऱ्हाड घेऊन सकाळीच ठकूच्या दारात आला. परसातला गलबला ऐकून त्यानं नाक मुरडलं. ही घाण आधी काढायची, मग बायकोपोरांना आणायचं, असं त्यानं ठरवलेलं. ठकूनं बोचकं बांधून ठेवलं होतं. तिनं भांडण काढलं नाही. तिनं त्याला खुणेनं वाकायला सांगितलं आणि कानात म्हणाली, "गेनू, तोड. जागा तुझी हाय. पर आधी शिवारात माणसं पाठीव."

गेनूला काही उमगलं नाही. म्हातारी बिचारी चळली, एवढंच त्याला वाटलं. त्यानं उंबरावर पहिला घाव घातला.

आणि परस उडालं. हो, असंच म्हणतात, परस उडालं. झाड, कुंपण, वळचण, पाचोळा, सगळीकडून पाखरं एकदम वर उठली. आभाळ झाकलं गेलं. भर सकाळी सांजावलं आणि पाटलाच्या कोंबड्या खुराड्यात जाऊन बसल्या. तो काळा ढग गावावरून एक घिरटी घेऊन गेला आणि शिवारावर उतरला.

मग जी धांदल उडाली ती विचारू नका. गाव थाळ्या बडवत धावलं, ढोल आले, हलगी आली. एका शेतातून उठवलं की पाखरं दुसऱ्या शेतात बसत. गेनू माळ्यावर चढून अशी गोफण फिरवू लागला की तिचा पट्टाच तुटला, आणि धोंडा कुठं गेला म्हणता? तिसऱ्या डेऱ्यात. पिकं डोळ्यांदेखत चालली. वर्षाची भाकरी होती ती. बायका बांधावर बसून रडायला लागल्या. गेनू माळ्यावरून उतरला, पटका काढून पाटलाच्या हातात दिला आणि खाली बघत म्हणाला, "पाटील, मी झोपत हुतो. पाखरं माझ्यामुळं न्हवती येत, अशातला भाग न्हाय. ती समदी तिकडं, ठकूआक्काच्या परसात हुती. म्या आत्ता बगितलं."

पाटील पळत ठकूकडे आला. ती उंबराच्या घावावर ओली माती थापत होती.

"ठकूबाई," पाटलानं हात जोडले, "आमचं चुकलं. काय बी करा, पर पाखरं हाकला."

ठकू काहीतरी बोलली. पाटलाला ऐकू आलं नाही. शिवारातून ढोलांचा आवाज येत होता, माणसं ओरडत होती. तो आणखी जवळ आला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यानं आपला कान तिच्या तोंडाशी नेला.

"मला हाकलाया येत न्हाय आता, पाटील. बोलवाया येतं," ठकू म्हणाली. "गावाला म्हणावं, गप ऱ्हावा. माझा आवाज त्यांच्यापातूर जाऊ दे."

हे काम सोपं नव्हतं. कुसळवाडीत आजवर कुणी कुणाला गप्प केलेलं नव्हतं. पण पोटाचा प्रश्न होता. ढोल खाली ठेवले गेले. बैलांच्या घुंगरांत गवत कोंबलं. मुलांच्या तोंडात तिळाचे लाडू दिले. दोन जावांचं बांधावरून सात वर्षं भांडण चाललेलं, त्यांनीसुद्धा ते अर्ध्या शब्दावर थांबवलं. कुत्र्यांना काय कळलं कोण जाणे, तीही बसली. गाव असं शांत झालं की ओढ्याचं पाणी ऐकू यायला लागलं. ते आपल्या गावात आवाज करतं, हे पुष्कळांना त्याच दिवशी कळलं.

ठकू उंबराखाली उभी राहिली. तिनं पदर सारखा केला आणि रोजच्यासारखंच म्हटलं, "या गं बायांनो, या."

ती कुजबुज परसातून निघाली. गल्लीतून गेली, चावडीवरून गेली, बांधावर बसलेल्या बायकांच्या कानांवरून गेली आणि शिवाराच्या शेवटच्या बांधापर्यंत पोचली, असं म्हणतात. आधी एक चिमणी उठली. मग चिमण्यांचा भुर्रर्र झाला. मग राघू, मग होले, आणि सगळ्यांत शेवटी भोरड्यांचा अख्खा ढग कणसांवरून उचलला गेला, आणि गावाच्या डोक्यावरून परसात शिरला. लोक मागोमाग आले. कुंपणापाशी उभे राहिले. आत उंबराखाली ठकू उभी होती आणि तिच्या अंगावर लुगडं दिसत नव्हतं, इतकी पाखरं बसली होती. पाटलिणीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिचे फुटलेले तिन्ही डेरे ती त्या दिवशी विसरली.

जागा कुणाची हा प्रश्न मग निघालाच नाही. जागा राखणदाराची, आणि राखणदार कोण ते सगळ्यांनी पाहिलं होतं. पाटलानं तो पटका ठकूच्या डोक्याला बांधला. तोवर बाईला पटका बांधल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. पटक्यावर लगेच साळुंकी बसली. गेनू दुसऱ्या दिवसापासून ओढ्यावरून सात घागरी पाणी आणू लागला आणि म्हातारा होईपर्यंत आणत राहिला. आपण ठकूआक्काच्या हाताखाली कसे लढलो, याच्या गोष्टी तो सांगत असे.

ठकू पुष्कळ वर्षं जगली. एका होळीनंतर, भोरड्या उत्तरेला परत निघाल्या त्या सकाळी, ओटा रिकामा दिसला. ती त्यांच्याबरोबर गेली, असं मावशी म्हणते. शेजारीण म्हणते, म्हातारपणानं गेली, आणि गावानं तिला नेलं तेव्हा ओढ्यापर्यंत सगळ्या वाटेवर पाखरांची सावली होती, कुणाचेही पाय भाजले नाहीत. मला दोन्ही खरं वाटतं.

कुसळवाडीत आजही गोफण नाही. प्रत्येक घराच्या मागं एक वाफा असतो, त्याला ठकूचा वाफा म्हणतात. त्यातलं कणीस माणसानं तोडायचं नाही आणि तिथला पाचोळा झाडायचा नाही. आळशी सुनांना हे फार सोयीचं पडतं. आणि सगळी दुनिया किंक्रांतीला अशुभ म्हणते, तेव्हा या गावात सण असतो. त्या सकाळी गाव गप्प बसतं. ट्रॅक्टर बंद, गिरणी बंद, देवळाचा भोंगा बंद, मोबाईल कणगीत. बैलांच्या घुंगरांत गवत. लोक उंबराभोवती जमतात. हे उंबर त्याच उंबराचं नातवंड की पणतवंड, यावर वाद आहे, पण तो वाद त्या दिवशी घालत नाहीत. आणि मग पाखरांना बोलवायचा मान एकाला देतात. पाटलाला नाही, सरपंचाला नाही. गावात ज्याचा आवाज सगळ्यांत लहान, त्याला. वर्षभर ज्याचं बोलणं कुणाच्या कानावर पडत नाही, असं माणूस शोधून काढतात. कधी अडखळत बोलणारा न्हावी असतो, कधी अंथरुणाला खिळलेली आजी, तिला बाजेसकट आणतात.

गेल्या वर्षी तो मान मावशीच्या नातसुनेला मिळाला. शेवंता तिचं नाव. लग्नाला आठ महिने झाले होते आणि घरात तिचा आवाज कसा आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं. काही विचारलं तर मान हलवायची. सासू म्हणायची, मुकी दिली की काय आम्हाला. मी त्या दिवशी तिथं होतो. हजारभर माणूस उभं होतं, कडेवरची पोरंसुद्धा गप्प होती. शेवंता उंबराखाली गेली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत बराच वेळ उभी राहिली, आणि मग तिनं हाक मारली. इतकी बारीक की माझ्या शेजारचा शेतकरी श्वास धरून पुढं वाकला. सगळ्या गावानं ऐकली.